नवा पेलेट स्टोव्ह: वास किती दिवस येणार आणि कुठे किती तापलं तर चालतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यू हॅम्पशायरमध्ये तुम्ही घर घेतलंत आणि दिवाणखान्यात नवा पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून खोली गरम करणारा स्टोव्ह, बसवून घेतलात. पहिल्या संध्याकाळी पेटवल्यावर अर्ध्या तासात घरभर रंग जळल्यासारखा वास सुटला, डोळे चुरचुरायला लागले, स्मोक अलार्म वाजला, म्हणून तुम्ही तो बंद केलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त थोडं कमी. वरच्या पत्र्याला हात लावता येत नाही, मागची भिंत कोमट लागते. बसवणाऱ्या माणसाला फोन केलात तर 'नवा आहे, असंच असतं' एवढंच उत्तर मिळालं. घरात चौदा महिन्यांचा मुलगा आहे, दोन आठवड्यांनी सांगलीहून सासूबाई येणार आहेत आणि त्यांना दमा आहे. स्टोव्ह परत करावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी शेजारच्या व्हरमाँटमध्ये १६ वर्षं स्टोव्ह बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. परत करायची घाई करू नका. तुम्ही सांगितलेलं सगळं नव्या स्टोव्हला धरून आहे. पण 'असंच असतं' हे उत्तर अर्धवट आहे आणि मला ते धोक्याचं वाटतं. ज्या दिवसांत रंगाचा वास येणं स्वाभाविक असतं, नेमक्या त्याच दिवसांत बसवण्यातली चूकही वासानेच कळते. दोन्ही वास एकमेकांत मिसळतात आणि 'नवा आहे' म्हणून माणूस दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करतो. तेव्हा तुम्हाला खरं तर दोन गोष्टी ओळखता यायला हव्यात: जाणारा वास कोणता नि राहणारा कोणता, आणि तापायलाच हवा असा भाग कोणता नि तापता कामा नये असा कोणता.

आधी रंगाचं बघू. स्टोव्हवरचा काळा रंग घराच्या दाराखिडक्यांना देतो तसला ऑइलपेंट नसतो. तो सिलिकॉन रेझिनचा असतो आणि साधारण ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असा बनवलेला असतो. बहुतेक कारखान्यांतून तो नुसता वाळून बाहेर पडतो, भाजून नव्हे. तो भाजला जातो तुमच्या घरात, पहिल्या दोन-चार जाळांत. पत्रा तापला की रंगातले वाळण्यापुरते घातलेले घटक जळून उडून जातात आणि उरलेलं रेझिन कडक होऊन पत्र्याला धरतं. तुमच्या डोळ्यांना झोंबलं ते हेच. यासाठी त्या जागचा पत्रा साधारण २३० अंशांच्या पुढे जाऊन काही वेळ तिथे टिकावा लागतो. सगळे भाग एकाच दिवशी तिथवर पोचत नाहीत, म्हणून वासही हप्त्याहप्त्याने येतो.

यातून तुमची एक चूक दाखवतो, राग मानू नका. वास आला की स्टोव्ह बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवायचा, पुन्हा वास, पुन्हा बंद. असं करत राहिलात तर रंग पूर्ण भाजला जाणारच नाही आणि हा प्रकार महिनाभर चालेल. तुमच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीच्या जाळांची पद्धत दिलेली असेल तर तीच पाळा, कारण बिडाच्या स्टोव्हला आणि पत्र्याच्या स्टोव्हला वेगळी वागणूक लागते. बिडाचा नवा तवा आपण एकदम मोठ्या आचेवर ठेवत नाही, तसंच हे. इनॅमलचा मुलामा असेल तर आणखी सावकाश, नाहीतर त्याला बारीक केसासारख्या भेगा पडतात. मॅन्युअलमध्ये काही नसेल तर मी असं करतो: पहिला जाळ सर्वांत कमी सेटिंगवर अर्धा-पाऊण तास, मग पूर्ण गार होऊ द्यायचा. दुसरा मध्यम सेटिंगवर तेवढाच वेळ, पुन्हा गार. तिसरा हळूहळू वर नेत सर्वांत मोठ्या सेटिंगपर्यंत, आणि तिथे दीड-दोन तास. या तिसऱ्या जाळात वास सर्वांत जास्त येतो. तेव्हाच लोक घाबरून बंद करतात आणि नेमकं तेव्हाच बंद करायचं नसतं.

हे सगळं दिवसा करा, खिडक्या उघड्या ठेवून. एक नव्हे, समोरासमोरच्या दोन, म्हणजे हवा आरपार जाईल. बाहेर ५ अंश असताना खिडक्या उघडायला जिवावर येतं, पण दोन-तीन तासांचाच प्रश्न आहे. ओट्यावरचा एक्झॉस्ट आणि कपडे वाळवायचं मशीन त्या वेळात बंद ठेवा. दोन्ही घरातली हवा बाहेर फेकतात, आणि खिडक्या पुरेशा उघड्या नसतील तर घर तेवढीच हवा मिळेल तिथून आत ओढतं, त्यात स्टोव्हच्या धुराच्या नळीतूनही. बाळाला घेऊन एकाने मैत्रिणीकडे किंवा लायब्ररीत जाऊन बसावं. घरात पाळलेले पक्षी असतील तर तेही हलवा, त्यांना असल्या वाफा फार लवकर बाधतात. सासूबाई मात्र हे सगळं उरकून, घर दोन दिवस हवेशीर ठेवल्यावरच याव्यात.

तापलेला असताना रंग काही काळ मऊ पडतो. त्या वेळी हात लावायचा नाही, फडकं फिरवायचं नाही, वर किटली ठेवायची नाही. एका घरी आजोबांनी चांगल्या मनाने गरम पत्र्यावरची धूळ सुती पंचाने पुसली. पंचाची वीण त्या पत्र्यावर उमटली, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि ती आजही तशीच आहे. पेटवण्याआधी, थंड असताना मात्र पुसून घ्यायलाच हवं. बोटांचे तेलकट ठसे काचेवर आणि चकचकीत भागांवर तसेच राहिले तर उष्णतेने कायमचे बसतात.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तेव्हा दचकायला नको. नोव्हेंबरात वास गेला, सगळं सुरळीत झालं, आणि जानेवारीत पारा उणे २० ला गेल्यावर तुम्ही स्टोव्ह पहिल्यांदाच रात्रभर मोठा ठेवलात, तर पुन्हा एकदा रंगाचा पुसटसा वास येऊ शकतो. तोवर जो पत्रा पुरेसा तापलाच नव्हता, तो आता भाजला जात असतो. एखाद-दुसऱ्या रात्रीत तो जायला हवा.

रंगाखेरीज बाकीचे निरुपद्रवी वास पटकन सांगतो. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो नळीच्या सांध्यांना लावलेल्या सिलिकॉनचा. ते वाळताना असाच वास सोडतं आणि दिवसा-दोन दिवसांत थांबतं. पत्रा कापताना-वाकवताना लागलेलं तेल जळतं त्याला गॅरेजसारखा वास येतो. दार हवाबंद करणाऱ्या दोरीसारख्या पट्टीखाली, म्हणजे गॅस्केटखाली, गोंद असतो, त्याचाही थोडा येतो. हिवाळ्यात रूम हीटर पहिल्यांदा लावला की धूळ जळल्याचा येतो तो तर तुम्हाला ओळखीचाच आहे, आणि तो दर वर्षी पहिल्या दिवशी येणारच. प्लास्टिक वितळल्यासारखा वास आला तर मात्र स्टोव्ह बंद करून गार झाल्यावर नीट शोधा: चिकटपट्टी, स्टिकर, थर्माकोलचा तुकडा. राखेच्या ट्रेमागे चिकटवलेली मॅन्युअलची प्लास्टिकची पिशवी मी स्वतः दोनदा काढली आहे.

आता राहणाऱ्या वासाकडे येतो, म्हणजे लाकडाच्या धुराच्या वासाकडे. रंगाच्या वासाला रासायनिक झोंबरेपणा असतो. धुराचा वास शेकोटीसारखा, चुलीसारखा असतो. तुम्ही सांगलीकडचे, तो तुम्हाला डोळे मिटून ओळखता येईल. पेलेट स्टोव्हमध्ये हा वास खोलीत यायला नको, नव्या स्टोव्हमध्येही नको. का, ते समजून घेतलंत तर गळती कुठे आहे हेही शोधता येईल. या स्टोव्हमध्ये धूर आपोआप वर जात नाही, एक पंखा तो बाहेर ढकलतो. पंख्याच्या अलीकडे, म्हणजे जिथे पेलेट जळतात त्या पेटीत, हवेचा दाब खोलीपेक्षा कमी असतो. पंख्याच्या पलीकडे, म्हणजे नळीत, तो खोलीपेक्षा जास्त असतो. म्हणून दाराचं गॅस्केट सैल असेल तर चालू स्टोव्हमधून धूर सहसा बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवा आत घुसते आणि ज्योत मरगळलेली, लांबट नारिंगी दिसते, काच लवकर काळी होते. नळीचा सांधा उघडा असेल तर धूर थेट खोलीत येतो. त्यामुळे धुराचा वास आला की बहुतेक लोक दार तपासत बसतात, मी आधी नळीकडे जातो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यात पडून तीन-चार वर्षं झाली होती. एका घरी स्टोव्ह बसवला. नळी भिंतीतून बाहेर जाण्याआधी एक टी-जोड असतो, त्याच्या खाली राख काढायचं टोपण असतं. ते टोपण मी नीट बसवलं नाही. घरातल्या बाईंनी आठवड्याने फोन केला, वास येतोय म्हणाल्या. मी म्हणालो, नवा आहे, असंच असतं. आणखी दहा दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला: रोज सकाळी डोकं दुखतं, बाहेर पडलं की थांबतं. मी हातातलं काम टाकून गेलो. टोपणाभोवती पत्र्यावर तपकिरी काजळीची बोटभर रुंद रेघ उमटली होती. त्यांच्या कार्बन मोनॉक्साइड (धुरातला, स्वतःला वास नसलेला विषारी वायू) अलार्मने एकदाही आवाज केला नव्हता. कुणाला कायमची इजा झाली नाही, पण ती रेघ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून 'असंच असतं' हे शब्द मी फोनवर कधी उच्चारत नाही, जाऊन बघतो.

तो अलार्म का वाजला नाही, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. अमेरिकेतले प्रमाणित अलार्म हवेत दहा लाखांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर एक ते चार तासांनी वाजतात, १५० भाग असेल तर १० ते ५० मिनिटांत, ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. त्याहून कमी प्रमाणात तो बहुधा गप्प राहतो, डोकं मात्र दुखू शकतं. म्हणून अलार्म शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका. आणि वाजला तर आवाज मोजा. स्मोक अलार्म तीन-तीनदा वाजतो, कार्बन मोनॉक्साइडचा चार-चारदा. रंगाच्या वाफेने तीनवाला वाजू शकतो, तुमच्याकडे बहुधा तेच झालं. चार-चारदा वाजला तर रंगबिंग विचारात न घेता सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ ला फोन करायचा. सुरुवातीच्या जाळांत कटकट नको म्हणून कुठल्याही अलार्मची बॅटरी काढू नका.

गळती घरच्या घरी कशी बघायची? रात्री दिवे मालवा आणि स्टोव्ह पेटवायला लावा. पेटताना पहिली पाच-सात मिनिटं धूर दाट असतो, तेव्हाच गळती दिसते. टॉर्च नळीला समांतर, अगदी जवळून, एकेका सांध्यावर धरा. उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते तशी झोतात धुराची विरविरीत रेघ दिसेल. टी-जोडाचं टोपण आणि स्टोव्हच्या मागे नळी जिथे चढवलेली असते तो पहिला सांधा, या दोन जागा सर्वांत जास्त फसतात. काही दिसलं तर स्टोव्ह बंद करा आणि बसवणाऱ्याला बोलवा. स्टोव्ह गार झाल्यावर तो सांधा उकलून, उष्णता सोसणारं सिलिकॉन लावून पुन्हा बसवेल. तासाभराचं काम आहे. तो टाळाटाळ करत असेल तर नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचं पेलेटसाठीचं प्रमाणपत्र असलेल्या दुसऱ्या कुणाला दाखवा.

टॉर्चमध्ये काही दिसलं नाही आणि तरी धुराचा वास येत असेल, तर बाहेर जाऊन नळीचं तोंड बघा. ते एखाद्या उघडणाऱ्या खिडकीजवळ किंवा घरात हवा घेणाऱ्या झरोक्याजवळ असेल तर धूर बाहेर जाऊन पुन्हा आत येतोय. सुरुवातीच्या जाळात तुम्ही उघडलेली खिडकीच तर ती नाही ना, हेही बघा. आणि माशासारखा, कुबट वास येत असेल तर तो विजेचा: वायर किंवा पंख्याची मोटर तापतेय. तेव्हा प्लग काढूनच टाका.

आता तापण्याबद्दल. स्टोव्ह तापतो यात काहीच वावगं नाही, पण तो सगळीकडे सारखा तापत नाही. बाजूचे पत्रे त्यामानाने गार असतात, कारण आतली पेटी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधून दुसऱ्या पंख्याची, खोलीत गरम हवा सोडणाऱ्या पंख्याची, हवा वाहते. वरचा पत्रा आणि गरम हवेच्या जाळीजवळचा भाग मी मोजलेल्या स्टोव्हवर बहुधा ९० ते १५० अंश सेल्सिअस भरतो, काच २०० च्या पुढे. मॉडेल, सेटिंग, पेलेटची प्रत, पंख्यावर साचलेली धूळ यांवर आकडे बदलतात. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर पैसे वाया जाणार नाहीत. फक्त तो काळ्या खरबरीत पृष्ठभागावर खरं सांगतो. चकचकीत स्टीलच्या नळीवर फार कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबून नळीला हात लावू नका.

भिंत मात्र वेगळी. मागची भिंत कोमट लागते म्हणालात, ते चालतं. माझी साधी पद्धत अशी: स्टोव्ह तासभर मोठ्या सेटिंगवर चालला की मागच्या भिंतीवर, आणि नळी भिंतीतून जाते तिथल्या कड्याच्या आसपास, तळहात सपाट ठेवायचा. दहा आकडे मोजेपर्यंत आरामात ठेवता आला पाहिजे. ठेवता आला नाही तर स्टोव्ह बंद. लाकूड लगेच पेटत नाही, पण महिनोन्महिने तापत राहिलं की सुकत, करपत जातं आणि मग ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं. म्हणून पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही हा पुरावा होत नाही. स्टोव्हच्या मागे किंवा हॉपरच्या (पेलेट भरायच्या टाकीच्या) झाकणाच्या आत एक पट्टी असते. तिच्यावर भिंत, कोपरा आणि जमिनीपासून किती अंतर हवं ते इंचांत दिलेलं असतं. मोजपट्टी घ्या आणि आज मोजा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमचा लाकडी देव्हारा स्टोव्हच्या उजव्या अंगाला दिसतोय. तो दुसऱ्या भिंतीला न्या. गरम हवेचा झोत नेमका तिकडे जातो, आणि तिथे कापसाच्या वाती, तेल, वस्त्रं असतात.

बाळासाठी सर्वांत मोठा धोका काचेचा आहे. गॅसच्या फायरप्लेसबाबत अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे की काच १७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७८ अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर तिच्यासमोर जाळी दिलीच पाहिजे. तो नियम पेलेट स्टोव्हला लागू नाही. पण मुलाच्या तळव्याला तो फरक कळत नाही, म्हणून मी तो आकडा सगळ्यांना सांगतो. भिंतीला स्क्रूने पक्की होणारी धातूची जाळी घ्या, तीन बाजूंनी, हात पोचणार नाही इतकी लांब. नुसती टेकवून ठेवायची नको, चौदा महिन्यांचं मूल तिला धरून उभं राहतं. आणि स्टोव्ह बंद केल्यावर ज्योत गेली तरी काच पाऊण तास, कधी त्याहून जास्त, भाजण्याइतकी गरम असते. माझ्या ओळखीतली भाजल्याची दोन्ही प्रकरणं ज्योत विझल्यानंतरची आहेत. चुकून लागलंच तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फ नको. आणि एवढ्या लहान मुलाला डॉक्टरांना दाखवायचंच.

वीज गेली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या भागात बर्फाच्या वादळात ती जाते. दोन्ही पंखे थांबतात, अंगची उष्णता बाहेर नेणारं कुणी राहत नाही, त्यामुळे पत्रा थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त तापतो, आणि आतल्या जळणाच्या भांड्यात उरलेले पेलेट धुमसत राहिले तर धुराचा वास येतो. दार उघडू नका, खिडकी उघडा, आणि विझून गार होऊ द्या. बॅटरी बॅकअप घेणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखा सुरळीत प्रवाह देणारा, घ्या, इतरांवर पंख्याच्या मोटरी गुरगुरतात.

सासूबाई यायला तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. या शनिवारी सकाळी पहिले दोन जाळ, रविवारी तिसरा. सोमवारी रात्री टॉर्च घेऊन सांधे बघा. त्यानंतर तीन-चार दिवस रोज चालवा आणि संध्याकाळी बाहेरून घरात शिरताना पहिल्या श्वासाला काय वास येतो ते कॅलेंडरवर एका शब्दात लिहा: रंग, धूर, काही नाही. आत बसून राहिलेल्याचं नाक सरावतं, बाहेरून येणाऱ्याचं नाही. गुरुवारपर्यंत 'रंग' फिका होत गेला असेल तर खुशाल सासूबाईंना स्टोव्हसमोरची खुर्ची द्या, जाळीच्या अलीकडची. 'धूर' एकदा जरी लिहिला गेला असेल तर शुक्रवारी बसवणाऱ्याला बोलवा, तो येईपर्यंत पेटवू नका, आणि त्याने काय सांगितलं ते मला कळवा.